मेस्त्रीला विचारा: मागनं ठोकलं, पण मोडलं कुठं?

प्रश्न: मेस्त्री काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, स्वतःचा सहा चाकी ट्रक आहे, केए २२ पासिंग, साडेचार वर्षं झाली गाडीला. बेळगावच्या उद्यमबागेतनं कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) भरून कोल्हापूरला टाकतो. तीन आठवड्याखाली तवंदी घाटात पुढं कायतरी बंद पडलं होतं म्हणून लाइन लागली होती, मी पण ब्रेक दाबून उभा, आणि मागनं एका मोठ्या गाडीनं येऊन उजव्या कोपऱ्याला दिलं. फाळका आत गेला, मागचा गार्ड वाकला, लाइट फुटली, बाकी काय दिसत नव्हतं. त्या ड्रायव्हरनं मालकाला फोन लावला, मालकानं जागेवरच १५ हजार फोनवरनं पाठवले, मला पण माल टाइमवर पोचवायचा होता, घेतले आणि निघालो. गार्ड, फाळका सगळं ९ हजारात झालं, म्हटलं सुटलो. आता स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडं ओढायलीय, मागनं येणारा मित्र म्हणाला तुझी गाडी खेकड्यागत तिरकी चाललीय. टायर खायलेत आणि वरच्या गिअरला खालनं घरघर येतंय. गॅरेजवाला म्हणतो अलाइनमेंट करून घे, एका दिवसाचं काम. करू काय? आणि आता इन्शुरन्स मिळंल काय?

उत्तर: अलाइनमेंट करू नकोस. म्हणजे आत्ता करू नकोस. अलाइनमेंटवाला पुढची टाय रॉड, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी दांडी, फिरवून तुला स्टेअरिंग सरळ करून देईल, तुला पण बरं वाटेल, आणि मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा दांडा, तसाच तिरका राहील, टायर खातच राहतील, वर काय बिघडलंय ते झाकलं जाईल.

ब्रेकवर पाय होता हे तू लिहिलंस ते बरं केलंस, सगळी गोम तिथंच आहे बघ. चाकं ब्रेकनं रस्त्याला धरलेली, आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, मागनं ढकललं. म्हणजे चॅसी पुढं जायला बघते आणि ॲक्सल जागेवर राहायला बघतो, या दोघांच्या मधी काय आहे? पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. आणि पाट्यांना ॲक्सलवर जागेवर ठेवतो तो एक बोटाएवढा सेंटर बोल्ट. मार उजव्या कोपऱ्याला, त्यामुळं उजवीकडचा सेंटर बोल्ट तुटलेला असणार असा माझा अंदाज आहे, पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट थोडे ढिले झाले असणार आणि ॲक्सल उजवीकडनं मागं सरकलाय. उजवं चाक मागं गेलं की मागची चाकं गाडीचं बूड उजवीकडं ढकलतात आणि तोंड डावीकडं वळतं, तुला डावीकडं ओढतंय ते त्यामुळं. सेंटर बोल्ट तुटला तरी यू बोल्टच्या आवळ्यावर गाडी चालत राहते, म्हणून पहिले काही दिवस तुला कळलं नाही. भरलेली गाडी घाटात उतरताना जोरात ब्रेक मारलास तर काय होईल ते मी लिहीत नाही, तुला कळतंय. हे तपासून दुरुस्त होईपर्यंत माल भरू नकोस.

तपासायला मोठं मशीन लागत नाही. आधी खालनं प्रेशरनं धुऊन घे, चिखलाखाली काय दिसत नाही आणि आपल्याकडं खानापूर भागात तर पावसाळ्यात चॅसी म्हणजे अर्धी मातीच असते. मग सपाट फरशीवर रिकामी गाडी सरळ चालवत नेऊन उभी कर, स्टेअरिंग सरळ. दोघं जण टेप धरा, पुढच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासनं मागच्या हबच्या मध्यापर्यंत, आधी डावीकडं, मग उजवीकडं. दोन्ही आकडे जुळायला पायजेत. बोटाच्या पेराएवढा फरक आला तर मग कुणाशी वाद घालायची गरज नाही. पण ॲक्सल सरकलाय की चॅसीच तिरकी झालीय हे त्यावरनं कळत नाही, त्यासाठी ओळंबा लागतो, गवंड्याचा असतो तोच. चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर समोरासमोरची सारखी भोकं बघून घे, पुढं दोन, मागं दोन, तिथनं ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खुणा कर, गाडी बाजूला काढ आणि त्या चार खुणांचे कर्ण मोज, एका कोपऱ्यापासनं समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे तर चॅसी चौकोनात आहे आणि तुझं काम पाट्यांपाशी संपतंय. कर्णात फरक म्हणजे एक पट्टी पुढं सरकलीय, मग गोष्ट मोठी. माझं वय गेलं यात पण अजून कुठल्या मशीनपेक्षा माझा ओळंब्यावरच जास्त विश्वास आहे, मुलं हसतात.

आता नुसतं मोजून उठू नकोस, खाली पाठीवर झोप आणि बॅटरी घेऊन बघ. चॅसीचे रिबीट आणि बोल्ट बघ, जो हललाय त्याच्याभोवती तांबूस भुकटी नाहीतर काळं कडं दिसतं. क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीच्या, कोपऱ्यात, पाटे टांगलेल्या हँगरच्या बुडाशी केसाएवढी चीर असते, डोळ्याला लगेच दिसत नाही. तिथं जरा रॉकेल नाहीतर डिझेल लावायचं, थोडं थांबून कोरडं पुसून घ्यायचं आणि वर खडू घासायचा, चीर असली तर आत गेलेलं तेल परत वर येऊन खडूवर रेघ उमटते. आमच्या वेळी हेच होतं, आता लाल रंगाचं स्प्रेचं किट मिळतं, तू तर उद्यमबागेत रोज जातोस, कास्टिंग तपासायला तिथं ते वापरतातच, कुणाला तरी विचार. घरघर येतीय म्हणजे गिअरबॉक्सकडनं मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि सांध्यातला क्रॉस बघायलाच पायजेत, ॲक्सल मागं गेला की शाफ्टचा कोन बदलतो. मग गिअरबॉक्सचं आणि इंजिनचं फाउंडेशन रबर, ब्रेकच्या हवेच्या टाकीचे पट्टे, मागं जाणारी हवेची पायप कुठं घासायलीय काय, मागच्या ॲक्सलमधल्या डिफ्रन्शियलच्या हाऊजिंगला तेलाची ओल आहे काय, बॉडी आणि चॅसी धरणारे क्लॅम्प. आणि कास्टिंग भरलेली होती ना, गाडी झटक्यात पुढं गेली आणि माल जागेवर राहिला म्हणजे मालानं पण आतनं फाळक्याला ढकललंय, बॉडीच्या मागच्या खांबांची मुळं बघ.

चॅसी वाकलीच असली तर गॅस कटरनं तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नकोस. ट्रकच्या चॅसीचं पोलाद असं असतं की लाल केलं की त्याची ताकद जाते, दिसायला सरळ, आतनं मऊ, आणि पुढं त्याच जागी तुटते. थंड्यातच हायड्रॉलिक जॅकनं ओढणारे लोक असतात, तिथं जा. चॅसीच बदलायची वेळ आली तर नंबर चॅसीवर असतो हे ध्यानात ठेव, आरटीओचं काम आधी, लोखंडाचं नंतर.

आता पैशाचं. पोलिसात गेला नाहीस ते चुकलंच, रागवत नाही पण चुकलंच. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं की जवळच्या पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत सांगायचं हे ड्रायव्हरवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नं घातलेलं बंधन आहे, खरं तर त्या ठोकणाऱ्यावर. तरी पण आजच इन्शुरन्स कंपनीला लेखी कळव. उशीर झाला एवढ्याच कारणानं खरा क्लेम सरसकट नाकारू नका असं इन्शुरन्सच्या नियामकानं २०११ सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलंय, उशिराचं खरं कारण लिही, खोटं काय जोडू नकोस. १५ हजार आले ते पण सांग. त्या पैशाचा मेसेज पुसू नकोस, त्या तारखेला त्या माणसानं पैसे दिले म्हणजे ठोकर झाली याचा तोच तुझ्याकडं पुरावा आहे. आणि कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघणारा माणूस, आल्याशिवाय एक पण बोल्ट खोलू नकोस. खोलताना त्याच्यासमोर जे नवीन निघेल त्याचं सप्लिमेंटरी, म्हणजे वाढीव, एस्टिमेट द्यायचं असतं, पुष्कळ लोक पहिल्याच एस्टिमेटवर सही करून मोकळे होतात.

किती मिळंल? ४ ते ५ वर्षांच्या गाडीला लोखंडी पार्टवर ३५ टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के, मजुरीवर कापत नाहीत. म्हणजे ६० हजाराचे लोखंडी पार्ट धरले तर ३९ हजार, त्यातनं परत पॉलिसीत लिहिलेली ठरावीक रक्कम वजा. पॉलिसीत आयएमटी २३ हे जादा कलम लिहिलंय काय ते पण बघ, मालवाहू गाडीला ते घेतलेलं नसलं तर बंपर, लाइट, मडगार्ड, रंग यांचे पैसे सहसा येत नाहीत. क्लेम केलास की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियमवरची सूट, जाते, तर नुसता सेंटर बोल्ट आणि यू बोल्टवर भागत असलं तर क्लेमच करू नकोस, खिशातनं कर. ठोकणाऱ्याच्या इन्शुरन्सकडनं वसूल करायचं तर अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, त्याला ६ महिन्यांची मुदत आहे आणि तू राहतोस त्या भागातलं न्यायाधिकरण पण चालतं, पण पोलिसाचा कागद नसताना ते जड जाणार. त्यासाठी वकिलाला विचार, मी मेस्त्री.

प्रश्न: चूक कायम मागच्याचीच धरतात काय? आमच्या गाडीला मागनं कारवाल्यानं ठोकलं आणि वर तोच भांडायलाय. — निपाणी

उत्तर: अंतर ठेवायची जबाबदारी मागच्याची, हे खरं. पण रात्री बिनलाइटची, बिनरिफ्लेक्टरची गाडी रस्त्यात उभी असली तर पुढच्याच्या माथ्यावर पण हिस्सा येतो. गाळपाच्या दिवसात उसाच्या ट्रॉल्या बघतोयच की आपण, मागं एक लाल कापड बांधलं की झालं. तुमच्या गाडीची टेललाइट चालू होती हे दाखवणारा फोटो असला तर भांडू दे त्याला. आणि हो, सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं झालं का पलीकडं ते आधी पक्कं करा, पलीकडं महाराष्ट्राचं पोलीस ठाणं. अलीकडं असलं तर पंचनामा कन्नडात असतो, वाचता येत नसलं तर कुणाकडनं तरी वाचून घेऊनच सही करा.

प्रश्न: जुना ट्रक घ्यायलोय, ठोकलेला आहे काय ते कसं ओळखायचं? — अथणी

उत्तर: चॅसीवर नवा काळा रंग आणि बाकी गाडी जुनी, असं दिसलं की तिथंच खरवडून बघा. आणि ओल्या मातीतनं सरळ चालवत न्या, मागची चाकं पुढच्या चाकांच्या चाकोरीवर दोन्ही बाजूंनी सारखी बसतात काय ते उतरून बघा, विकणारा घाई करायला लागला तर अजून एकदा चालवा.