'चार्ज' शिकताय? आधी एवढंच करा

भाऊ, डिक्शनरीतली अर्थांची लांबलचक यादी बघून घाबरू नका. सुरुवातीला चार पुरे: आकारलेले पैसे, जबाबदारी, आरोप आणि बॅटरीतला भार. पहिल्यासाठी घरचं महावितरणचं बिल काढा. स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड चार्ज, वीज आकार म्हणजे एनर्जी चार्ज, वहन आकार म्हणजे व्हीलिंग चार्ज. एका कागदावर अख्खा धडा! जबाबदारीचा अर्थ तर आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक: शेजारच्या सज्जाचा चार्ज कायम आपल्याच तलाठ्याकडं.

नवख्यांचं घोडं अडतं ते इथं:

- 'चार्जिंग संपली' तसंच इंग्रजीत नेऊ नका. सरळ 'माय बॅटरी इज डेड' म्हणा.
- 'शी इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड' यातला 'ऑफ' गाळू नका. ('इन द चार्ज ऑफ'ची भानगड आत्ता नकोच.)
- आरोप कुणावर, हे सांगताना 'ऑन' नाही, 'अगेन्स्ट'. आणि चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे.

लाठीचार्जमधला चार्ज वेगळा, धावून जाण्याचा. तो सावकाश येऊ द्या. 'फ्री ऑफ चार्ज' मात्र आजच पाठ करा, लगेच कामाला येईल.