इंजिन बदललेली जुनी कॅम्पर व्हॅन नागपुरात कशी विकावी?

आधी आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर ताडून पाहा. जुळत नसतील तर जाहिरात टाकूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बदल आरटीओत नोंदवावा लागतो. नाहीतर हस्तांतरण अडतं, विम्याचा दावाही. इंजिनाचं खरेदी बिल जपून ठेवा, ते चोरीचं नाही याचा तोच पुरावा. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आधी उरका.

गिऱ्हाइकाला इंजिन कोणतं, कुणी बसवलं, गिअरबॉक्स मूळचा की बदललेला, सगळं सांगा. मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवर चालवून दाखवा. आपल्याकडच्या उन्हात रेडिएटर टिकला, की घेणारा किमतीवर फार घासाघीस करत नाही. सौदा ठरला की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरा, विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्या.