बार्बर, बर्बर आणि रोमन दाढी

प्रश्न असा आहे: इंग्रजीतला 'बार्बर' म्हणजे न्हावी आणि 'बार्बेरियन' म्हणजे रानटी माणूस, हे दोन्ही शब्द लॅटिन 'बार्बा' म्हणजे दाढी यावरून आले का? गुळगुळीत दाढी करणारे रोमन लोक दाढीवाल्या परक्यांना 'बार्बारुस' म्हणत, असं स्पष्टीकरण सर्रास सांगितलं जातं. ते खरं आहे का?

बार्बर दाढीवरून आला, बार्बेरियन नाही.

'बार्बारुस' हा शब्द मुळात रोमनांचा नव्हेच, तो त्यांनी ग्रीकांकडून घेतला. ग्रीक 'बार्बारोस' म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही, नुसतं 'बर् बर्' ऐकू येतं, असा माणूस. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कॅरियन लोकांना 'बार्बारोफोनोइ' म्हटलं आहे. तिथे रोख त्यांच्या बोलीवर आहे, चेहऱ्यावर नाही. संस्कृत 'बर्बर'लाही अडखळत, तोतरं बोलण्याची छटा आहेच. शिवाय दाढीसाठी ग्रीक शब्द 'पोगोन', आणि अलेक्झांडरच्या काळापर्यंत ग्रीक पुरुष स्वतःच दाढी राखत. त्यांनी परक्यांना दाढीवरून नाव ठेवणं संभवतच नाही.

रोमनांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ग्रीकांच्या लेखी तेही बार्बारोसच होते. नाटककार प्लाउटुस एका प्रस्तावनेत ग्रीक नाटक आपण 'बार्बारे' केलं असं सांगतो, म्हणजे चक्क लॅटिनमध्ये आणलं!

आणि दाढी? कित्येक शतकं रोमन दाढीवालेच होते. इ.स.पू. ३९०च्या सुमारास उत्तरेकडचे गॉल लोक रोममध्ये घुसले तेव्हाचा प्रसंग रोमन इतिहासकार लिव्हीने दिला आहे. मार्कुस पापिरियुस हा वृद्ध सरदार आपल्या आसनावर निश्चल बसला होता. एका गॉलने त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि पापिरियुसने हस्तिदंती दंड त्याच्या डोक्यात हाणला. त्या काळी सगळेच लांब दाढी ठेवत, असं लिव्ही तिथेच नोंदवतो. या कथेतली दाढी रोमनाची आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रोमन विद्वान व्हारोच्या मते इटलीत न्हावी आले ते सिसिलीहून, रोमच्या स्थापनेनंतर ४५३व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ३००च्या आसपास. रोज दाढी करण्याची सुरुवात रोमन सेनापती धाकट्या स्किपिओने केली, असं रोमन लेखक प्लिनी म्हणतो. पुढे सफाचट चेहरा ही सभ्यपणाची खूण झाली. तरुणाची पहिली दाढी समारंभाने काढून देवाला वाहत. नीरोने ती मोती जडवलेल्या सोन्याच्या डबीत घालून रोममधल्या कॅपिटोल या देवळांच्या टेकडीवर अर्पण केली. वाढलेली दाढी शोकाची खूण ठरली. इ.स. ९मध्ये जर्मानियात तीन लेगिओ (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) गारद झाल्यावर ऑगस्टसने कित्येक महिने केस-दाढी कापली नाही. मग सम्राट हेड्रियनने (इ.स. ११७ ते १३८) भरघोस दाढी राखली आणि फॅशन पुन्हा उलटली. या सगळ्या उलटापालटीत 'बार्बारुस'चा अर्थ मात्र दाढीबरोबर हलला नाही.

रोमनांचा न्हावी 'बार्बा'वरून ओळखला जात नसे, हेही लक्षात घ्यायला हवं. त्याचं नाव 'टोन्सोर', म्हणजे कापणारा. त्याचं दुकान 'टोन्स्ट्रिना'. गावगप्पांसाठी ही दुकानं प्रसिद्ध होती. न्हाव्यांनाही ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे सर्वांना ठाऊक, असं कवी होरेस लिहितो. कवी मार्शलचा एक न्हावी इतका संथ, की गिऱ्हाइकाच्या गालांवरून वस्तरा फिरवेपर्यंत दुसरी दाढी उगवते. 'बार्बा'वरून न्हाव्यासाठी शब्द घडला तो उत्तरकालीन लॅटिनमध्ये. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत गेला आणि 'बार्बर' झाला.

दाढीवरून नाव पडलेले लोक हवेच असतील तर ते लाँगोबार्डी हे जर्मानिक लोक. या नावाचा 'लांब दाढीवाले' हा अर्थ आठव्या शतकात त्यांच्यातल्याच पॉल द डीकन या इतिहासकाराने दिला आहे, आणि उत्तर इटलीतली लोम्बार्दी त्यांच्याच नावाची. त्यातला 'बार्ड' हा जर्मानिक शब्द 'बार्बा'चा खरा भाऊबंद. इंग्रजी 'बिअर्ड'ही त्याच कुळातला.