‘बाय ऑइश’ म्हणजे नेमकं कुणाकडे?

श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी तिथेच जन्मली, तिथेच नववीत शिकते. मैत्रिणीच्या घरी जेवायला गेली असताना मैत्रिणीच्या आईने तिला विचारलं, ‘उंड वास एस्ट ईअर डेन झो बाय ऑइश?’ म्हणजे, ‘मग तुमच्याकडे काय काय खाता?’ मुलगी म्हणाली, ‘बाय उन्स? श्पेट्झले.’ बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘नाइन, इश माइने, झो रिश्टिश बाय ऑइश.’ नाही, म्हणजे अगदी खरंखुरं तुमच्याकडे. मुलगी घरी आली ती घुश्शातच. ताईंना त्यात रागावण्यासारखं काही दिसेना, कारण ‘तुमच्याकडे काय करतात?’ हे आपण मराठीत दिवसातून दहा वेळा विचारतो. तर मुलीचा राग बरोबर का, आणि ‘बाय ऑइश’ला मराठीत ‘तुमच्याकडे’ म्हणावं का, असं त्यांनी विचारलंय.

‘तुमच्याकडे’ हा प्रतिशब्द चपखल आहे, अर्थांच्या सगळ्या घोळासकट चपखल आहे. आणि राग बरोबर आहे. तो का, हे त्या तीन वाक्यांच्या व्याकरणातूनच दाखवता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीतलं ‘-कडे’ हे शब्दयोगी अव्यय ‘कड’ म्हणजे बाजू, काठ, यातून आलेलं. ‘कड घेणे’मध्ये तीच कड आहे. ‘तुमच्याकडे’ म्हणजे तुमच्या घरी, तुमच्या गावी, तुमच्या जातीत, तुमच्या देशात, किंवा नुसतंच तुमच्याजवळ (‘तुमच्याकडे पेन आहे का?’). यातलं नेमकं काय, ते बोलण्याच्या ओघात कळतं. जर्मन ‘बाय’ची गत हीच. ‘बाय ऑइश’ म्हणजे तुमच्या घरी, तुमच्या कंपनीत, तुमच्या मुलखात, तुमच्या लोकांत. काठ कुठे पडतो ते शब्द सांगत नाही, बोलणारा ठरवतो. ‘ईअर’ आणि ‘ऑइश’ ही दोन्ही अनेकवचनं आहेत हेही लक्षात घ्या. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी असू शकतं. जर्मनमध्ये नववीतल्या मुलीला ‘ईअर’ म्हटलं की ते अनेकवचनच. तिच्यामागे आणखी कुणीतरी उभं आहे, ते कोण?

पहिल्या वाक्यात याचं उत्तर अजून मोकळं होतं. ‘डेन’ आणि ‘झो’ हे दोन निपात, म्हणजे स्वतःचा ठळक अर्थ नसलेले छोटे शब्द, प्रश्न मऊ करतात, आपल्या ‘मग’ आणि ‘काय काय’सारखे. मुलीने ‘ऑइश’चा अर्थ ‘तुझं कुटुंब’ असा घेतला आणि श्पेट्झले सांगितलं. अंडी, मैदा आणि पाण्याचं ओलं पीठ उकळत्या पाण्यात पाडून केलेले ते तुकडे श्टुटगार्टच्या, म्हणजे श्वाबेन मुलखाच्या घराघरांत होतात. उत्तर सरळ आणि खरं होतं. दुसऱ्या वाक्यात बाईंनी ते नाकारलं. ‘रिश्टिश’ या एका क्रियाविशेषणाने त्यांनी सांगितलं की तुझं खरंखुरं ‘कडे’ हे नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि ते कुठे हे मला ठाऊक आहे. बाईंच्या मनात वाईट काही नसेलही. मला तर वाटतं त्या कौतुकानेच विचारत होत्या. पण पोरीला जे लागलं ते ‘बाय ऑइश’ नाही, ‘रिश्टिश’.

पाहुण्याला ‘तुमच्याकडे काय खातात’ असं विचारणं हे अगत्यच आहे. काल आलेला माणूस आपलं ‘कडे’ बरोबर घेऊन आलेला असतो आणि त्याला ते सांगायचंही असतं. जर्मनीत घोळ झाला तो पाहुणा या शब्दापाशीच. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. अशा करारांवर आलेल्यांना लोक ‘गास्टआर्बायटर’ म्हणत, शब्दशः ‘पाहुणे कामगार’. पाहुणा चार दिवस राहतो आणि जातो. 1973 मध्ये भरती थांबली, तेव्हा अनेकांनी जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेतलं. मुलं तिथे वाढली, नातवंडं तिथे जन्मली. कायदा मात्र 1913 चा, रक्ताच्या नात्यावर नागरिकत्व देणारा. परदेशी आईबापांच्या मुलाला जर्मनीत जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळण्याची सोय, तीही काही अटींवर, 1 जानेवारी 2000 पासून झाली. दोन्ही पासपोर्ट ठेवायची सर्वसाधारण मुभा मिळाली ती थेट जून 2024 मध्ये. कायदा बदलतो तेवढ्या वेगाने सर्वनामं बदलत नाहीत. तिसऱ्या पिढीलाही ‘बाय ऑइश’ चिकटून राहिलं ते असं.

या सगळ्यात खाणं नेहमी पुढे असतं, कारण परक्याशी बोलायला तो सगळ्यात सोपा विषय. आणि जर्मनीत खाण्याचं नाव काढलं की ड्योनर, म्हणजे उभ्या सळईवर फिरवत भाजलेलं मांस, येतोच. तुर्की ‘द्योनमेक’ म्हणजे फिरणं, ‘द्योनेर’ म्हणजे फिरणारा. ‘शावर्मा’ हा अरबी शब्द तुर्की ‘चेविर्मे’वरून आला, त्याचाही अर्थ फिरवणं. ग्रीकांचा ‘गिरोस’ म्हणजेही फेरा. ग्रीसमध्ये त्याला आधी ‘डोनेर’च म्हणत. तुर्की नाव नको म्हणून 1970 च्या दशकात त्याच अर्थाचा ग्रीक शब्द रुळवला. उभ्या सळईवर फिरणारं मांस तेच, नाव मात्र राष्ट्राप्रमाणे वेगळं. पावात भरलेला, हातात धरून खायचा ड्योनर बर्लिनमध्ये 1972 साली कादिर नुरमान यांनी प्रथम विकला, असं तुर्की ड्योनर उत्पादकांच्या युरोपीय संघटनेने 2011 मध्ये जाहीर केलं. त्यावर इतरांचेही दावे आहेत. पण तो बर्लिनमध्ये लोकप्रिय झाला यावर वाद नाही.

मग हा पदार्थ तुर्की की जर्मन? इथे मला मराठीचा अभिमान वाटतो, कारण हा प्रश्न आपली भाषा एका प्रत्ययाच्या फरकाने नीट विचारू शकते. ‘जर्मनीतला ड्योनर’ आणि ‘जर्मनीचा ड्योनर’. ‘-तला’ फक्त ठिकाण सांगतो, ‘-चा’ नातं सांगतो. जर्मन भाषेला या नात्यासाठी ‘गेह्योर्ट त्सू’ हे क्रियापद वापरावं लागतं. तुर्कस्तानातल्या एका संघटनेने युरोपीय संघाकडे ‘ड्योनर’ हे नाव पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवण्याचा अर्ज केला होता. मांस कुठलं, कापाची जाडी किती, सगळं त्यात ठरवलेलं होतं. 2024 मध्ये जर्मनीने हरकत घेतली. तेव्हाचे कृषिमंत्री चेम ओझ्देमिर यांनी लिहिलं, ‘डेअर ड्योनर गेह्योर्ट त्सू डॉइचलांड.’ ड्योनर जर्मनीचा आहे. ओझ्देमिर हे तुर्की आईबापांचे, जन्म 1965 चा, श्टुटगार्टपासून जवळच्या बाड उराखमधला. स्वतःला ते ‘अनातोलियन श्वाबियन’ म्हणवतात, म्हणजे मुळाने तुर्कस्तानातल्या अनातोलियाचे आणि जन्माने श्वाबेनचे. श्पेट्झलेवाली आपली मुलगी एका अर्थी त्यांचीच गाववाली.

आता हेच क्रियापद चौदा वर्षं मागे जाऊन पाहा. 3 ऑक्टोबर 2010 रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्रिस्टियान वुल्फ भाषणात म्हणाले होते की इस्लामही एव्हाना जर्मनीचा आहे. तिथेही ‘गेह्योर्ट त्सू’च. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. मार्च 2018 मध्ये नव्याने गृहमंत्री झालेले होर्स्ट झेहोफर यांनी तेच वाक्य नकारार्थी करून म्हटलं. ड्योनरच्या वाक्यावर मात्र कुणाचं डोकं तापलं नाही. पदार्थाला ‘-चा’ लगेच मिळतो, तो करणाऱ्या माणसाला आणि त्याच्या श्रद्धेला ‘-तला’वर थांबवून ठेवतात. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तुर्कस्तानच्या दौऱ्यावर जाताना बर्लिनच्या एका ड्योनरवाल्याला आणि 60 किलोंची मांसाची सळई बरोबर घेऊन गेले. हेतू स्नेहाचाच होता. तरीही जर्मनीतल्या तुर्की वंशाच्या अनेकांना ते बोचलं. साठ वर्षांत डॉक्टर झालो, प्राध्यापक झालो, खासदार झालो, आणि आमची ओळख अजून मांसाची सळईच? मैत्रिणीच्या आईचं ‘रिश्टिश’ आणि ही सळई यांची जात एकच.

खाण्यावरून माणसाला नाव ठेवण्याचा रोग एकट्या जर्मनांचा नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी जर्मनांनाच ‘क्राउट’ म्हणजे कोबी म्हणून हिणवलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत आंबवलेल्या कोबीला, झाउअरक्राउटला, ‘स्वातंत्र्याचा कोबी’ असं नवं नाव देऊन मग खाल्लं. फ्रेंच इंग्रजांना ‘रोझबिफ’ (भाजलेलं गोमांस) म्हणतात, इंग्रज फ्रेंचांना बेडूक. जर्मनमध्ये इटालियनांसाठी ‘श्पागेटीफ्रेसर’ आणि तुर्कांसाठी ‘क्नोब्लाउखफ्रेसर’ या शिव्या आहेत. यात विष श्पागेटीत किंवा लसणात नाही, ‘फ्रेसर’मध्ये आहे. जर्मनमध्ये माणूस खातो तेव्हा क्रियापद ‘एसन’, जनावर खातं तेव्हा ‘फ्रेसन’. म्हणून कुणी मला ‘क्नोब्लाउखफ्रेसर’चं मराठी विचारलं तर ‘लसूणखाऊ’ मी सुचवणार नाही. ‘खाऊ’मध्ये लहान मुलाच्या हातातला गोडवा आहे, ‘लाचखाऊ’ असूनही. ‘-खोर’ मुळात फारसी आणि त्याचाही अर्थ खाणाराच, पण ‘भांडखोर’, ‘दंगेखोर’मध्ये आता खाणं उरलेलं नाही, नुसता दुर्गुण उरलाय. त्यापेक्षा ‘लसूण चरणारे’ म्हणा. त्यात जनावर दिसतं, आणि मूळ शिवीला तेच दाखवायचंय.

‘क्यूमेलट्युर्के’ या शिवीची कथा तर फार बोलकी आहे. शब्दशः ‘कॅरवेवाला तुर्क’. कॅरवे म्हणजे जिऱ्यासारखं दिसणारं, जर्मन पावात घालतात ते बी. अठराव्या शतकात हाले गावाच्या आसपास कॅरवेची शेती होई, तिथून आलेल्या विद्यार्थ्यांना इतर विद्यार्थी चेष्टेने हे नाव ठेवत. ती पोरं अस्सल जर्मन होती. तुर्कांचा संबंधच नव्हता. दोनशे वर्षांनी तुर्क आले आणि शिवी तयारच होती, ती त्यांच्या अंगाला बेतली.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लांबलं तो. 2000 ते 2006 या काळात जर्मनीत नऊ दुकानदार-कामगारांचे खून झाले. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. वृत्तपत्रांनी या मालिकेला नाव दिलं ‘ड्योनर-मोर्दे’, ड्योनर-खून. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा साहजिकच समजलो की सगळे ड्योनरवाले असणार. मग एकेकाचा धंदा पाहिला. एन्व्हेर शिमशेक फुलं विकत. एक जण कपडे शिवणारा. एकाचं भाजीचं दुकान, एकाचं किराण्याचं. थेओडोरोस बुलगारीडेस चाव्या-कुलुपांचं काम करत. एकाचं डॉर्टमुंडमध्ये छोटं दुकान होतं. हालित योझगात हा कासेलमधला एकवीस वर्षांचा मुलगा इंटरनेट कॅफे चालवायचा. ड्योनरच्या टपरीवर काम करणारे नऊपैकी फक्त दोन. आणि तरी शब्द तोच, कारण शब्द मेलेल्यांकडे बघून केलेलाच नव्हता. त्या ‘बाय ऑइश’मध्ये काय असतं याची जी कल्पना आधीच डोक्यात होती, तिच्यावरून केला होता.

कल्पना तिथेच थांबली नाही. पोलिसांच्या विशेष पथकाचं नाव इस्तंबूलच्या सामुद्रधुनीवरून ‘बॉस्पोरस’ ठेवलं गेलं. तपास वर्षानुवर्षं मृतांच्या घरच्यांभोवती, अमली पदार्थांभोवती, आपसातल्या हाडवैराभोवती फिरला. 4 नोव्हेंबर 2011 नंतर उघड झालं की मारणारे नवनाझी होते, स्वतःला ‘राष्ट्रीय समाजवादी भूमिगत’ म्हणवणारी टोळी. 2007 मध्ये एका पोलीस महिलेचा खूनही त्यांनीच केलेला. जर्मनीत 1991 पासून भाषातज्ज्ञांची एक समिती दरवर्षी ‘उनवॉर्ट’, म्हणजे त्या वर्षाचा कुशब्द, निवडते. 2011 साठी तिने ‘ड्योनर-मोर्दे’ निवडला. कारण असं दिलं की या शब्दाने खुनांमागचं राजकारण झाकलं गेलं आणि मेलेल्या माणसांना त्यांच्या मुळावरून एका खाद्यपदार्थाच्या पातळीवर आणलं. हा शब्द मराठीत आणायचाच झाला तर अवतरणचिन्हांशिवाय आणू नये, आणि जवळच ते नऊ धंदे द्यावेत. कासेलमध्ये आता हालितच्या नावाचा चौक आहे, येनामध्ये शिमशेक यांच्या नावाचा. तिथे पदार्थाचं नाव नाही, माणसाचं आहे.

जेवणाच्या टेबलावरच्या त्या बाईंचा आणि या खुनांचा संबंध मी जोडत नाहीये. त्यांनी प्रेमाने वाढलं, प्रेमाने विचारलं. मी फक्त दाखवतोय की उत्तर ऐकण्याआधीच ते ठरवून ठेवायची सवय किती लांबवर जाऊ शकते. मुलीला हा इतिहास ठाऊक असेल वा नसेल, ‘रिश्टिश’ ऐकताना तिला ती सवय कळली.

भाषांतराचं एक राहिलं. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामं दोन आहेत, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की लक्षात येत नाही. ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारं ‘आपण’. म्हणून ‘आमच्याकडे’ वेगळं आणि ‘आपल्याकडे’ वेगळं. जर्मनमध्ये दोन्हींना ‘बाय उन्स’ एवढंच. तुमची मुलगी ‘बाय उन्स? श्पेट्झले’ म्हणाली तेव्हा त्या घराचा उंबरा तिने कुठेच आडवा घातला नव्हता. श्टुटगार्टची मुलगी श्टुटगार्टच्या बाईंना त्यांच्याच घरचा पदार्थ सांगत होती. तेव्हा ताई, घरी हा प्रसंग मराठीत सांगाल तेव्हा बाईंच्या तोंडी ‘तुमच्याकडे’ खुशाल घाला. मुलीच्या तोंडी मात्र ‘आमच्याकडे’ घालू नका. ती म्हणाली होती, ‘आपल्याकडे? श्पेट्झले.’