पहिल्यांदाच शारजाहून इंदूरला येतोयस? मग सिगारेटचं आधी बघ

ड्यूटी-फ्रीच्या दुकानात सिगारेटचं अख्खं कार्टन समोर मांडलेलं असतं. त्यात 20-20 ची 10 पाकिटं, म्हणजे 200 सिगारेट. आपल्याकडे कस्टम्स ड्यूटीतून (आयात करातून) माणशी सूट आहे फक्त 100 ची, म्हणजे पाचच पाकिटं. सिगार असतील तर 25, सुटी तंबाखू 125 ग्रॅम. यांतलं एकच काहीतरी, तिन्ही मिळून नव्हे.

बायकोच्या वाट्याची सूट आपल्यात जोडता येत नाही. घरच्यांना हे पटत नाही, पण नियम तसाच आहे. दोघांचं सामान वेगळंच मोजतात.

जास्त आणलंसच, तर विमानतळावर सरळ रेड चॅनलला, म्हणजे ड्यूटी लागणारं सामान जाहीर करायच्या रांगेत जा आणि ड्यूटी भर. ग्रीन चॅनलमधून, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या रांगेतून निघालास आणि बॅग उघडली, तर माल जप्त, वर दंड. बिल हाताशी ठेव.

मुंबईमार्गे येत असशील तर कस्टम्स सहसा मुंबईलाच होतं. बॅग तिथेच उचलावी लागते, पुढच्या विमानाला वेळ ठेव.

आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, कुणी कितीही गळ घातली तरी आणू नकोस. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातच बंद आहे, एक नगसुद्धा चालत नाही. पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.