एम्युलेटर बंद करू नकोस, पण अर्धवटही ठेवू नकोस

तू लिहिलंयस की कोथरूडला राहतेस, थर्ड इयर कॉम्प्युटरला आहेस, सी मध्ये ४८६ चा एम्युलेटर (त्या जुन्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरमधली नक्कल) लिहितेयस आणि अलाइनमेंट चेकचा एक्सेप्शन (डेटा त्याच्या आकाराच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून वाचला-लिहिला की प्रोसेसर उठवतो तो) टाकल्यापासून सगळं रांगायला लागलंय, वर डॉसही गडबडलंय. आणि बाबा म्हणतायत, प्लेसमेंट तोंडावर आलीये, हे बंद कर आणि वेब डेव्हलपमेंट शिक. यात करिअर आहे का, हा तुझा प्रश्न.

आहे. पण आधी तू अडकलीयस तिथलं बोलूया.

हा चेक लागायला तीन अटी एकदम लागतात, सीआर-० या रजिस्टरमधला एएम बिट, ईफ्लॅग्ज या रजिस्टरमधला एसी बिट (दोन्ही १८ नंबरचे) आणि प्रोग्राम रिंग ३ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी अधिकाराच्या पातळीवर. तू प्रत्येक मेमरी रीडला तिन्ही तपासतेयस म्हणून स्लो होतंय. या गोष्टी बदलतात क्वचित, त्या बदलतील तेव्हाच एक मास्क बनवून ठेव आणि अॅक्सेसच्या वेळी फक्त पत्त्याचे खालचे बिट त्या मास्कशी बघ. सीपीयू स्वतः जीडीटी किंवा टीएसएस (त्याच्या स्वतःच्या कामाच्या मेमरीतल्या नोंदी) वाचतो ते यात धरायचं नाही, प्रोग्राम रिंग ३ मध्ये असला तरी.

डॉसचं म्हणशील तर रियल मोडमध्ये, म्हणजे डॉस चालतं त्या जुन्या साध्या मोडमध्ये, हा एक्सेप्शन उठताच कामा नये. त्याचा व्हेक्टर, म्हणजे नंबर, १७, हेक्समध्ये ११, आणि इंट ११ वर, म्हणजे त्याच नंबरच्या इंटरप्टवर, बायोसची इक्विपमेंट लिस्ट बसलेली असते, म्हणजे तू चुकून उठवलास की सरळ तिथे जाऊन पडतो. आणि हा फॉल्ट आहे, ईआयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) त्याच इन्स्ट्रक्शनवर राहिला पाहिजे, प्रोटेक्टेड मोडमध्ये एरर कोड शून्य पुश व्हायला हवा, आणि पुश इन्स्ट्रक्शनमध्ये तू ईएसपी (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) आधीच कमी करत असशील तर तो परत आणायला हवा, नाहीतर हँडलरमधून परत आल्यावर स्टॅक सरकलेला मिळेल आणि तू दोन दिवस भलतीकडेच शोधत बसशील.

खरं हार्डवेअर काय करतं ते तुझ्या लॅपटॉपवरच बघता येईल. इंटेल किंवा एएमडीचा असेल तर लिनक्सवर पुशएफ-पॉपएफ (फ्लॅग्ज स्टॅकवर ठेवणाऱ्या आणि परत घेणाऱ्या इन्स्ट्रक्शन) करून एसी बिट लाव, विषम पत्त्यावरून चार बाइट वाच, सिगबस (चुकीच्या मेमरी अॅक्सेसचा सिग्नल) येतो. मध्ये प्रिंटएफ वगैरे काही नको, लायब्ररी स्वतःच कुठेही अनअलाइन्ड वाचते, सगळं असेंब्लीत कर.

आता करिअर. २०१५ मध्ये याच एक्सेप्शनवरून केव्हीएम आणि झेन या दोन्ही हायपरव्हायझरमध्ये (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) भोक सापडलं होतं. गेस्टने, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनने, स्टॅक मुद्दाम वाकडा ठेवला की हा एक्सेप्शन पोचवतानाच पुन्हा तोच एक्सेप्शन, सीपीयू त्या चक्रातून बाहेरच येईना आणि अख्खा होस्ट, म्हणजे खरं मशीन, लटकायचा. उपाय काय, तर हायपरव्हायझरनेच तो मध्ये पकडायचा. हे तुला आत्ता वाचून कळतंय ना? तुझ्या वर्गात किती जणांना कळेल ते बघ. व्हर्च्युअलायझेशन, कर्नल, फर्मवेअर, चिप व्हेरिफिकेशन, ही कामं पुण्यात होतात, रेड हॅट आणि एनव्हिडियाची ऑफिसं इथेच आहेत.

पण बाबांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, ते ऐक. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या आधी अॅप्टिट्यूड आणि कोडिंग टेस्ट घेतात, तिथे एम्युलेटर कोणी विचारत नाही. रोज सकाळी तासभर डेटा स्ट्रक्चर्स, यात सूट नाही. वेब डेव्हलपमेंट मात्र केवळ भीतीपोटी करू नकोस, मन नसताना केलेला प्रोजेक्ट इंटरव्ह्यूत दोन प्रश्नांत उघडा पडतो. पास झाल्यावर याच लाइनमध्ये जायचं असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा डिप्लोमाही आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळतो, बाबांना सर्टिफिकेट हवं असेल तर तोही रस्ता.

तोवर नवीन फीचर नको. अलाइनमेंट चेक पूर्ण कर, टेस्ट लिही, खऱ्या मशीनवर काय आलं आणि तुझ्याकडे काय आलं ते रीडमीमध्ये शेजारी शेजारी टाक आणि ती लिंक रेझ्युमेत सगळ्यात वर दे.