काळी मोहरी आली म्हणून दबू नकोस

बुद्धिबळात काळी मोहरी आली की तू पहिल्या चालीपासून बरोबरी शोधतोस, ते सोड. रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन, लॉड्झ, १९०७ हा डाव पटावर मांड; काळी मोहरी रुबिनस्टाइनची. बचाव टॅराशचा, म्हणजे काळ्याने सुरुवातीलाच सी प्यादं पुढे ढकलून मध्याला आव्हान देण्याची पद्धत. वजिराचा बळी सगळेच दाखवतात (आहेच तो देखणा!), पण तू पांढऱ्याच्या पंधराव्या चालीपाशी थांब. दोन्ही बाजूंची मांडणी जवळपास सारखीच. फक्त काळ्याचा हत्ती डी८ वर (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) आलाय आणि चालही त्याचीच. पांढऱ्याचा वजीर आधी डी२ ला आणि मग ई२ ला गेला, उंट डी३, सी४, पुन्हा डी३ असा फिरला, म्हणजे चाली वाया गेल्या. खरा डाव तिथेच फिरला, असं माझं ठाम मत आहे.

पुढे पांढऱ्याने एफ आणि ई प्यादी रेटली आणि बी६ वरच्या उंटाला थेट राजाच्या बाजूची तिरकी वाट मिळाली. बाविसाव्या चालीला काळ्याने स्वतःचा वजीर मारात ठेवून हत्तीने सी३ चा घोडा घेतला. पंचविसाव्या चालीला हत्ती एच३ वर, पांढऱ्याने डाव सोडला. त्याचा वजीर जी२ वर जखडलेला (हलला तर मागच्या राजाला शह), एच२ वरची मात रोखणार कशी?

इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम) बंद ठेव. आधी पंधरा चाली पाठ न करता समजून घे.